घरगुती अन्नसुरक्षा : विषबाधेची कारणे आणि प्रतिबंध

अन्नसुरक्षेचा विषय निघताच चर्चा बहुधा भेसळीकडे वळते. दुधातील पाणी, तिखटातील विटांची भुकटी, मिठाईतील अखाद्य रंग हे विषय वृत्तपत्रांच्या आणि प्रश्नपत्रिकांच्याही परिचयाचे आहेत. प्रत्यक्षात अन्नातून उद्भवणाऱ्या आजारांचे मोठे कारण सूक्ष्मजीव हे असते, आणि अन्नात शिरण्याची व वाढण्याची संधी त्यांना अनेकदा घरच्याच स्वयंपाकघरात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या व २०१० या वर्षासाठी मांडलेल्या अंदाजानुसार, दूषित अन्नामुळे जगात वर्षाकाठी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडले आणि ४ लाख २० हजार मृत्युमुखी पडले. मृतांपैकी सुमारे १ लाख २५ हजार ही पाच वर्षांखालील बालके होती.

भारतात रोगांच्या उद्रेकांची नोंद ठेवण्यासाठी २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्याकडे आलेल्या नोंदींमध्ये अतिसार आणि अन्नविषबाधा यांचे उद्रेक ठळकपणे दिसत आले आहेत. मात्र नोंद होते ती मुख्यतः लग्नसमारंभ, वसतिगृहे व यात्रांमधील घटनांची. एका घरातील चौघांना रात्रीतून उलट्या झाल्या, तर ती घटना सहसा कोणत्याही तक्त्यात येत नाही. आकडेवारी वाचताना ही मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे.

संसर्ग आणि विष

सर्वसाधारण भाषेत ‘विषबाधा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजारात दोन भिन्न प्रक्रिया असतात. पहिल्या प्रकारात जिवंत जीवाणू पोटात जातात व आतड्यात वाढतात. अंडी व मांसातून येणारा साल्मोनेला हे त्याचे उदाहरण होय. लक्षणे साधारणतः ६ ते ७२ तासांनी दिसतात आणि अन्न पूर्णपणे शिजविल्यास हा जीवाणू नष्ट होतो. दुसऱ्या प्रकारात जीवाणू अन्नातच विष तयार करतात. खव्याच्या मिठाईत किंवा पनीरमध्ये, जखम असलेल्या अथवा न धुतलेल्या हातांवरून पोचणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस या गटात मोडतो. येथे उलट्या काही तासांतच सुरू होतात.

या फरकाचे व्यावहारिक महत्त्व फार मोठे आहे, आणि ते भातावरून चांगले समजते. तांदळात बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना ते मरतातच असे नाही. शिजलेला भात पातेल्यात झाकून तासन्‌तास कोमट राहिला, की बीजाणूंपासून जीवाणू वाढतात आणि विष निर्माण करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. सकाळी त्याच भाताला फोडणी दिली तर जीवाणू मरतील, विष मात्र तसेच राहील. ‘पुन्हा गरम केले म्हणजे झाले’ हा समज म्हणूनच अर्धसत्य आहे.

साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा जीवाणूंच्या वाढीस पोषक असतो. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जीवाणूचे सात तासांत २० लाखांहून अधिक होतात. शिजलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, हा नियम यातून आला आहे. कडक उन्हाळ्यात ही मुदत आणखी कमी धरावी लागते.

फ्रिज नसलेले घर

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नासाठी पाच सूत्रे मांडली : स्वच्छता, कच्चे व शिजलेले अन्न वेगळे ठेवणे, पूर्ण शिजविणे, योग्य तापमान राखणे, आणि सुरक्षित पाणी व कच्चा माल वापरणे. यांतील चौथे सूत्र देशातील असंख्य कुटुंबांना जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण त्यांच्याकडे फ्रिज नाही. असला तरी वीज भरवशाची नाही. अशा घरात एका वेळेपुरतेच शिजविणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. अन्न उरलेच, तर ते पसरट भांड्यात काढून, ते भांडे थंड पाण्यात ठेवून लवकर निववावे. खोल पातेल्यातील डाळ किंवा रस्सा मध्यभागी फार वेळ कोमट राहतो.

ओडिशातील पखाळ, बंगालमधील पांता भात, तमिळनाडूतील पळय सादम हे पदार्थ या अडचणीला लोकांनी शोधलेले उत्तर मानता येतील. भात पाण्यात भिजवून ठेवल्यावर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात आणि आंबटपणामुळे अनेक घातक जीवाणूंना आळा बसतो. परंतु आधीच तयार झालेले विष आंबविल्याने जात नाही. म्हणून भात ताजा, लवकर निवविलेला आणि पाणी शुद्ध असणे येथेही अगत्याचे आहे.

पाण्याचा प्रश्न स्वच्छतेच्या उपदेशाइतका सोपा नाही. जेथे घागरी डोक्यावरून आणाव्या लागतात, तेथे पहिली काटकसर हात धुण्यात होते, आणि ते ओझे बहुधा स्त्रियांवरच असते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनकडे या दृष्टीने अन्नसुरक्षेची योजना म्हणूनही पाहता येईल.

कच्चे मांस नळाखाली धुण्याची सवय सर्वत्र आढळते. त्यामुळे उडणाऱ्या थेंबांतून जीवाणू ओट्यावर व भांड्यांवर पसरतात. ते मरतात शिजविण्याने, धुण्याने नव्हे. कोशिंबिरीसाठी वेगळी विळी अथवा सुरी वापरावी, निदान भाज्या आधी चिराव्यात. ओटा, हात आणि ताटे एकाच ओल्या फडक्याने पुसणे हेही तितकेच धोक्याचे.

रासायनिक विषबाधा वेगळी. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे १६ जुलै २०१३ रोजी शालेय माध्यान्ह भोजनानंतर २३ बालके दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. शेतकरी कुटुंबात कीटकनाशकाचा रिकामा डबा तेला-धान्यासाठी वापरण्याची प्रथा म्हणूनच प्राणघातक ठरू शकते.

कायदा आणि प्रथमोपचार

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार पोषणमान व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे. अन्नपदार्थांतील भेसळ हा विषय समवर्ती सूचीत आहे. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ ने घेतली आणि २००८ मध्ये प्राधिकरण स्थापन झाले. अधिनियमाच्या कलम ३५ अन्वये डॉक्टरांना विषबाधेची माहिती कळविणे बंधनकारक करता येते. तथापि हा कायदा अन्नव्यवसायासाठी आहे. कुटुंबापुरत्या स्वयंपाकात निरीक्षक येत नाही.

उलट्या-जुलाब सुरू झाल्यास पहिला धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा असतो. क्षारसंजीवनीचे पाकीट नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. तान्ह्या बाळाचे स्तनपान थांबवू नये. शौचातून रक्त पडणे, लघवी बंद होणे, मूल सुस्त होणे, दृष्टी धूसर होणे किंवा गिळण्यास त्रास होणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि उरलेले अन्न फेकून न देता झाकून तपासणीसाठी ठेवावे.