तलाव जिवंत करायला किती शास्त्रे लागतात?

प्रश्न : जबलपुरातले चेरीतालचे तळे बुजून वस्ती झाली. शहराच्या उरलेल्या तलावांतली जैवविविधता परत आणायला एक जीवशास्त्रज्ञ पुरेसा नाही का?

उत्तर : नाही. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घ्या. तिथे १९७०मध्ये बारशिंगे अवघे ६६ उरले होते. शिकारबंदी, कुरणांची निगा, गावांचे पुनर्वसन आणि वाघापासून सुरक्षित कुंपण एकत्र आले, तेव्हा ते सावरले. हे एकट्या प्राणिशास्त्राचे काम नव्हते. तलावातही जलपर्णी उपटली आणि सांडपाणी येतच राहिले, तर ती पुन्हा फोफावते. म्हणून तणतज्ज्ञाशेजारी अभियंता, मत्स्यतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ हवेत. तण, शेती, पशुवैद्यक आणि वन यांवर संशोधन करणाऱ्या संस्था जबलपुरातच आहेत. जास्त तज्ज्ञांमुळे काम रेंगाळते, हा आक्षेप रास्त आहे. पण ते रेंगाळते प्रत्येकाने आपापला अहवाल वेगळा लिहिल्याने. एक तलाव, एक उद्दिष्ट आणि सामायिक मोजमाप ठरवा, मासेमारांना पहिल्या बैठकीपासून सामील करा. मग तज्ज्ञांची हीच विविधता कामाचे बळ ठरेल.