वीज किती वेळ गेली आणि किती वेळा गेली

हिंगोली जिल्ह्यात उद्योग म्हटला की प्रथम वसमतची हळद आठवते. हळदीची गिरणी काढू पाहणारे आपले माजी विद्यार्थी व पालक जागा, यंत्रे आणि कर्ज यांचा हिशेब काटेकोर मांडतात. विजेचा हिशेब मात्र ‘जाते अधूनमधून’ एवढ्यावरच संपतो.

अभियांत्रिकीत हा हिशेब दोन अंगांनी होतो. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी किती तास वीज होती, ही उपलब्धता. ती किती वेळा खंडित झाली, यावरून विश्वसनीयता ठरते. या दोहोंची गल्लत महागात पडते. समजा, दोन गिरण्यांत वर्षभरात वीज पावणेनऊ तासच नव्हती. पहिलीत ती एकदाच गेली. दुसरीत पाच-पाच मिनिटे, अशी १०५ वेळा. उपलब्धता दोन्हीकडे ९९.९ टक्के. परंतु अडकलेला माल काढून यंत्र पुन्हा चालू करण्यास दर वेळी ४० मिनिटे लागत असतील, तर दुसऱ्या गिरणीचे आणखी ७० तास बुडाले. मजुरी तेवढ्या वेळेचीही द्यावीच लागते.

उपकेंद्र, ११ केव्ही वाहिनी, रोहित्र, मुख्य स्विच आणि केबल ही एकामागून एक जोडलेली साखळी आहे. प्रत्येक दुवा ९९ टक्के उपलब्ध धरला तरी पाचांचा गुणाकार सुमारे ९५.१ टक्के येतो. म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ १८ दिवस अंधार. दोन समांतर वाहिन्या असतील, तर त्या दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. मात्र दोन्ही एकाच खांबांवरून आल्या असतील, तर हे गणित कागदावरच राहते. एकच झाड दोन्ही पाडते.

मोठ्या यंत्रणाही यातून सुटत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळव्याकडील उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबईच्या लोकल गाड्या जागीच थांबल्या.

जनरेटर घेण्याची घाई मात्र करू नये. तो सुरू होईपर्यंत यंत्र थांबतेच. वारंवारच्या क्षणिक खंडांवर तो पुरेसा उपाय नव्हे. आधी वर्षभर एक वही ठेवावी. वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ, यंत्र पूर्ववत झाल्याची वेळ आणि कळल्यास कारण, असे चार रकाने पुरेत. बिघाड बाहेरच्या वाहिनीत होता की आपल्याच स्विचमध्ये, हेही त्यात लिहावे.