वास्तूंचा वारसा

बंगळूर शहरात, विधानसौधासमोर, कब्बन उद्यानाच्या कडेला तांबड्या रंगाची एक दुमजली इमारत आहे. तिचे नाव 'अठारा कचेरी'. हे नाव मराठी वाचकाला सहज कळते : अठरा खात्यांची कचेरी. ही इमारत १८६८ साली पूर्ण झाली आणि म्हैसूर राज्याच्या कारभाराची खाती तेथे एकत्र आली. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे.

१९८२ साली ही इमारत पाडण्याचा प्रस्ताव पुढे आला. नागरिकांनी विरोध केला आणि जनहित याचिका दाखल झाली. ज्या वास्तूसाठी दाद मागायची, त्याच वास्तूत न्यायालय भरत होते! अखेर इमारत वाचली.

परंतु प्रत्येक वास्तूला असे पाठीराखे लाभत नाहीत. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने शंभर वर्षांहून जुनी, राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संरक्षित होतात. बंगळुरातील टिपू सुलतानाच्या राजवाड्याला असे संरक्षण आहे. मात्र जुनी बाजारपेठ, वाचनालय किंवा एखादे राहते घर या व्याख्येत बसतेच असे नाही. त्यांच्यासाठी शहराची स्वतःची यादी हवी.

मुंबईने १९९५ साली अशी नियमावली केली. तीत वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीतील वास्तूत आवश्यक डागडुजीपलीकडे बदल करता येत नाही. दुसरीत आतील बदलांना वाव असतो. तिसरीत त्याहून अधिक मोकळीक मिळते. बदल सुचवल्यास तज्ज्ञांच्या समितीचे मत घेतले जाते.

यात मालकाचाही विचार करावा लागतो. जुन्या घराची देखभाल खर्चिक असते आणि नव्या बांधकामाचा लाभ त्याला सोडावा लागतो. म्हणून न वापरलेले बांधकामाचे हक्क अन्यत्र विकण्याची सोय मुंबईच्या नियमावलीत आहे. वारसा सर्वांचा आणि भार मात्र एकट्याचा, हे न्याय्य नव्हे.

पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते, तिचा इतिहास नव्हे. म्हणून यादी आधी व्हावी. कुदळ पडल्यावर तिचा उपयोग नाही.

शब्दार्थ
कचेरी – कार्यालय
दाद मागणे – न्याय मागणे
डागडुजी – दुरुस्ती

स्वाध्याय
१. शहराची स्वतःची यादी का आवश्यक आहे?
२. आपल्या गावातील एका जुन्या वास्तूची माहिती मिळवा. ती कोणत्या श्रेणीत बसेल, ते सकारण लिहा.