क्षितिजरेषा चौकटीत कुठे ठेवावी?

प्रश्न : नाथसागराच्या फोटोत क्षितिज मध्यावर आले की चित्र सपाट वाटते. ते नेमके कुठे ठेवावे?

उत्तर : क्षितिजरेषा चौकटीचे आकाश आणि जमीन असे वाटे करते, ज्यात पाहण्यासारखे अधिक, त्याला मोठा वाटा द्यावा. पैठणला जलाशयावर पावसाळी ढग दाटले असतील, तर रेषा खालच्या तृतीयांशावर आणावी. उन्हाळ्यात पाणी हटून भेगाळलेला गाळ उघडा पडतो, आकाश कोरे असते; तेव्हा ती वर न्यावी. तृतीयांशाचा नियम ही सोय आहे, कायदा नव्हे. कोऱ्या आकाशाला दशांश जागाही पुष्कळ होते.

मध्यावरची रेषा दरवेळी चूक नसते. बीबी का मकबऱ्यासमोरच्या हौदात पाणी असेल, वारा पडला असेल (आणि कारंजी बंद असतील), तर वास्तू व प्रतिबिंब यांची बरोबरी हाच विषय ठरतो.

देवगिरीचे गणित वेगळे. क्षितिज खाली ठेवले की सुमारे २०० मीटरचा तो डोंगर अधिकच उंच भासतो. पण त्यासाठी कॅमेरा वर कलवला, तर पायथ्याचा चांद मिनार मागे रेलल्यासारखा दिसतो. कॅमेरा सरळ धरून नंतर फोटोचा खालचा भाग कापणे बरे. वाइड अँगल लेन्समध्ये मध्यापासून दूर गेलेली रेषा बऱ्याचदा वाकते. तीही संपादनात सरळ करता येते. डोंगरउतारावर थोडा तिरपेपणा खपतो, पाण्याच्या रेषेत मात्र एखाद्या अंशाचाही लगेच खुपतो.