आधी माप विचार, मग गुण

पोरी, तुझी बारावी सुरू झाली. आता घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण तुला आकडे ऐकवणार. कुणाच्या भाच्याला सहाशे दहा पडले, कुणाच्या लेकीला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल आले. ऐकून घे, पण त्यावरून स्वतःचं काही ठरवू नकोस. लहान असताना अंबरखान्यात, त्या जुन्या धान्यकोठारात, उभी राहून तू मला विचारलं होतंस, "आजोबा, एवढं धान्य मोजायचे कशानं?" खंडीनं, असं मी सांगितलं होतं. तुझी पणजी घरात पायलीनं मोजायची, आता आपण किलोनं आणतो. मापाचं नाव न घेता कुणी नुसतं "वीस" म्हणालं तर काय कळणार? गुणांचंही अगदी तसंच आहे.

ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात माझी चौतीस वर्षं गेली. माझ्या टेबलावरून तीन मापं गेली. आधी बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचे मार्क, म्हणजे पीसीबी, त्यावर मेडिकलची यादी लागायची. 1999 ला राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, आली. 2013 ला देशभराची एकच परीक्षा, नीट, झाली, त्याच वर्षी जुलैत सुप्रीम कोर्टानं ती रद्द ठरवली, पुढच्या वर्षी पोरं पुन्हा सीईटीला बसली. 2016 ला नीट परत आली आणि 2017 पासून राज्याच्या सरकारी कॉलेजांनाही तीच लागली. म्हणून तुझा काका "आमच्या वेळी पीसीबीला इतके होते" म्हणाला, तर त्याला मान दे. तुझ्या गुणांशी ते जोडू नकोस.

आता तुझं माप, नीटचं. 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा, सोडलं तर शून्य. बायॉलॉजीचे 90 प्रश्न, म्हणजे 360 गुण, निम्मा पेपर. फिजिक्स आणि केमिस्ट्री 45-45 प्रश्नांचे. तू फिजिक्सच्या भीतीनं दिवसाचे सहा तास तिकडेच घालवतेस हे मी बघतोय. बायॉलॉजी "येतंच की" म्हणून मागं टाकू नकोस. दोघांचे गुण सारखे झाले तर आधी बायॉलॉजीचे बघतात, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे, आणि तरीही बरोबरी राहिली तर कुणाची उत्तरं कमी चुकली ते बघतात.

अंदाजानं उत्तर मारायचं की नाही, हे तू दोनदा विचारलंस. हिशेब कर. चारही पर्याय अंधारात असले तर चारात एकदा चार मिळणार, तीनदा एक-एक जाणार. चार प्रश्नांत एक गुण हाती. इतक्या लहान फायद्यासाठी हात थरथरू देऊ नकोस. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलं, तर दोन प्रश्नांत चार मिळतात आणि एक जातो, तीन गुणांचा फायदा. तिथं सोडून आलीस तर ते नुकसान. म्हणून सराव पेपर तपासताना सोडलेल्या प्रश्नांपुढं पेन्सिलीनं लिही, किती पर्याय खोडता आले असते. मागच्या रविवारी तुझ्या पेपरात असे अकरा प्रश्न निघाले, आठवतंय ना?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण असलेली मुलं शंभरात किती, तो पर्सेंटाइल. 2025 ला खुल्या गटात पात्र व्हायला पन्नास पर्सेंटाइल लागत होते, आणि ते 144 गुणांना मिळत होते. 720 पैकी 144 म्हणजे वीस टक्के. पात्र झालो म्हणून पेढे वाटायला धावलेली घरं मी पाहिली आहेत, आणि महिन्याभरानं त्यांचे उतरलेले चेहरेही. पात्र होणं म्हणजे यादीत नाव येणं. जागा मिळणं फार पुढची गोष्ट आहे.

आणि नीटचा पर्सेंटाइल सीईटीच्या पर्सेंटाइलशेजारी मांडू नकोस. बी.फार्म किंवा अ‍ॅग्रीसाठी तू पीसीबीची सीईटी देशील, तिथं 200 गुण, वजा काही नाही. ती परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पर्सेंटाइल त्या सत्रातल्या मुलांवरूनच काढतात. त्यामुळं दोन सत्रांतल्या दोन मैत्रिणींचे गुण सारखे असूनही पर्सेंटाइल वेगळे निघतात. त्यात कुणावर अन्याय झाला असं समजू नये. अवघड पेपर ज्याच्या वाट्याला आला त्याला सांभाळून घेण्यासाठीच तो हिशेब आहे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. ती तुझ्या बाबतीत व्हायला नको. 2025 चा निकाल 14 जूनला लागला. शेजारचा मुलगा धुक्यातून भिजत आला. पाचशेच्या थोडे पुढे गुण. मी 2024 ची यादी काढली, बोट फिरवलं, त्याचे गुण खुल्या गटाच्या सरकारी कॉलेजांत कुठंच बसेनात. त्याच्या आईला म्हणालो, सरकारीची आशा सोडा. त्यांनी पसंतीक्रमात मोजकीच नावं भरली. यादी लागली तेव्हा त्याच्याहून कमी गुणांची मुलं सरकारी कॉलेजात गेलेली होती. 2024 चा पेपर सोपा गेला होता, अंतिम निकालातही 720 पैकी 720 घेणारे सतरा जण होते. 2025 ला फिजिक्सनं सगळ्यांना रडवलं, देशातल्या पहिल्या मुलाला 686 होते. मी खंडी आणि पायली एकाच रांगेत मांडली. त्या माउलीसमोर जाऊन मी माफी मागितली. पण पोराचं वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून दोन वर्षांची तुलना करायची तर रँकची कर, गुणांची नको. त्यातही रँक दोन. एक देशाची, एक आपल्या सीईटी सेलच्या राज्य यादीतला क्रमांक. सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के जागा देशपातळीवर दिल्लीहून भरतात, तिथं देशाची रँक. उरलेल्या 85 टक्के राज्य भरतं, तिथं राज्याचा क्रमांक बघायचा. कोल्हापूरचं राजर्षी शाहू मेडिकल असो की मिरजेचं सरकारी, आधी विचार, कोणत्या यादीचा आकडा, कोणत्या गटाचा, कितव्या फेरीचा. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत पुष्कळ अंतर पडतं. 2020 च्या आधीच्या याद्या तर बाजूलाच ठेव. तेव्हा 70:30 चं सूत्र होतं, सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना. ते त्या वर्षी सप्टेंबरात गेलं.

बारावीचे गुण नीटच्या यादीत मिळवत नाहीत. पण पीसीबीत खुल्या गटाला पन्नास टक्के, राखीव गटाला चाळीस हवेतच, नाहीतर नीटची रँक कामी येत नाही. बोर्डाचा अभ्यास टाकून देणाऱ्या पोरांना हे कुणीतरी ओरडून सांगायला हवं.

एक गोष्ट मनाला धीर देणारी. अमेरिकेत मेडिकलला जायचं तर आधी पदवी लागते, एमकॅटचे 472 ते 528 मधले गुण लागतात, आणि कॉलेजातली सगळी वर्षं सरासरीत धरतात. तिथल्या बहुतेक कॉलेजांच्या अर्जात, एखादा विषय पुन्हा देऊन सुधारला तरी जुना गुण मोजणीत राहतोच. आपल्याकडं तसं नाही. नीटचा निकाल त्या एका वर्षापुरता. गेल्या वेळचे गुण कुणी विचारत नाही. दुसऱ्यांदा बसलीस तर पाटी कोरी.

पेपर मराठीतून घेणार असशील तर मराठीसोबत इंग्रजी प्रश्नही असतो. शंका आली तर इंग्रजी वाच, शेवटी तोच धरतात. उत्तरसूची आली की आपली ओएमआर उत्तरपत्रिका घेऊन बस आणि एकेक उत्तर जुळव. हरकतीला प्रश्नामागं दोनशे रुपये लागतात आणि ते परत मिळत नाहीत, म्हणून पाठ्यपुस्तकाचं पान हातात असेल तरच हरकत घे.

जातवैधतेचा अर्ज अजून केलेला नाही, तुझ्या आईनं काल सांगितलं. ते ऐकून मला झोप लागली नाही. वैधता नसली की गट बदलतो, आणि गट बदलला की यादीतली जागाच बदलते. सोमवारी शाळेचा दाखला, तुझ्या बाबांचा दाखला आणि माझा जुना पहिलीचा उतारा पिशवीत घाल. तहसील कचेरीचं काम आधी उरकू, मग एसटीनं कोल्हापूरला जाऊ. मी येतो बरोबर.