बंद गिरणीचे आवार आणि खिशातील पुडी

प्रश्न : सोलापुरातील एका बंद गिरणीच्या आवारात पुतण्यास पोलिसांनी धरले, खिशात ३० ग्रॅम गांजा निघाला. शिक्षा किती?

उत्तर : १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यान्वये १ किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाणात मोडत असल्याने, १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही शिक्षेची कमाल मर्यादा होय, २० किलोंहून अधिक मालाच्या मुकदम्यात जामिनास आडवी येणारी कठोर अट येथे लागू नाही. बंद आवारात शिरल्याबद्दल अतिक्रमणाचाही आरोप ठेवला असेल, तर तो मात्र मला लंगडा वाटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ अन्वये नुसते फाटक ओलांडणे पुरेसे नसून, गुन्हा करण्याचा किंवा ताबेदारास धमकावण्याचा, अपमानित करण्याचा अथवा त्रास देण्याचा हेतू शाबीत व्हावा लागतो. तो झालाच, तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (मुलगा गांजा ओढण्यासाठीच आत शिरला, असे सरकारपक्ष म्हणेल, ही गोष्ट वेगळी.) वकिलांनी पंचनामा बारकाईने वाचावा : राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमक्ष अंगझडती देण्याचा हक्क, अंमली पदार्थ कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, आधी समजावला होता काय? मुलगा खरोखर व्यसनाधीन असल्यास, स्वेच्छेने उपचार घेऊन त्याच कायद्याच्या कलम ६४-अ खालील संरक्षण मागता येते.