खोलीची अनामत आणि आपला हक्क

शिरूर अनंतपाळहून लातूरला शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला खोली सोडताना पुष्कळदा अनामत पुरती परत मिळत नाही. ‘रंगाचे इतके, नळाचे इतके’ असे म्हणून रक्कम कापली जाते. हे पैसे वडिलांनी सोयाबीन विकून दिलेले असतात; तरीही वाद नको म्हणून आपण गप्प बसतो. कायदा काय म्हणतो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, भाडेकरूने जागा घेतली तशी परत करावयाची असते. मात्र वाजवी झीज त्यातून वगळली आहे. काळाने विटलेला रंग ही झीज होय. आपल्या हातून फुटलेली काच हे नुकसान होय. नुकसान आपण भरून द्यावे, झीज मालकाने सोसावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. तेव्हा ‘कागद नाही, म्हणून हक्क नाही’ ही समजूत चुकीची आहे.

तथापि, पैसे दिल्याचा पुरावा हवाच. म्हणून अनामतीची पावती घ्यावी, राहावयास जाताच भिंती, दारे व नळ यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि सोडताना कपातीचा लेखी हिशेब मागावा. मित्रहो, हिशेब मागणे म्हणजे भांडण नव्हे.